कोंडा माझ्या ताटात, पांढरी भाकरी सुनेच्या

“पाच पूर्णांक आठ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागदावरून मान वर केली आणि पूजाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. “हिला जेवायला देता ना?”

पूजा माझी सून. सातवा महिना चालू होता. जिना चढताना दम लागतो म्हणून मी तिला दाखवायला आणलं होतं. वाटलं होतं, एखादी बाटली लिहून देतील आणि दुपारच्या आत घरी.

पाच पूर्णांक आठ हे तिचं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल पदार्थ, श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो तो. तो तयार व्हायला लोह लागतं. गरोदर बाईचं अकराच्या खाली जाऊ नये. सातच्या खाली गेलं की त्याला सिव्हिअर ॲनिमिया म्हणतात, म्हणजे रक्त इतकं पातळ की बाळंतपणात जरा जास्त गेलं तरी बाई हाती लागत नाही. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “आजच ॲडमिट करा. आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे.”

खरं सांगते, त्या क्षणी भीतीच्या आधी मला राग आला. जेवायला देता ना, म्हणे! सोलापुरात माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. अर्ध्या पेठेच्या घरात माझ्या हातचं पीठ जातं. आणि माझ्याच घरात सून उपाशी?

तुमच्या घरात गरोदर बाई असेल, तर मी डोळे असून जे बघितलं नाही ते तुम्ही बघा. पूजा पाटीवरच्या पेन्सिली खायची. मी म्हटलं, डोहाळे आहेत, खाऊ दे. डबाच आणून दिला. हसत हसत दिला. आता कळलं, त्याला पायका म्हणतात. अंगात लोह कमी झालं की माती, खडू, पेन्सिल, कच्चं पीठ असलं काहीबाही खावंसं वाटतं. दुसरी गोष्ट, ती गोरी दिसायला लागली होती. शेजारणी म्हणायच्या, “काकू, सुनेवर काय तेज आलंय!” मीही मिरवायची. तेज कसलं डोंबलाचं, रक्त उतरत होतं. पापणी खाली ओढून आत बघायची, जीभ बघायची, एवढी साधी गोष्ट. माझ्या लक्षात आली नाही.

दुपारी तिला खाट मिळाली. सहा खाटांची खोली, प्रत्येक खाटेवर एक पोटुशी आणि खाली सतरंजीवर तिची आई नाहीतर सासू. डॉक्टर म्हणाले दोन पिशव्या पॅक्ड सेल लागतील. रक्तातलं पाणी काढून नुसत्या लाल पेशी ठेवतात, ते पॅक्ड सेल. बदल्यात घरच्या कुणी रक्त दिलं तर बरं. माझा लेक टेम्पो घेऊन टेंभुर्णीला गेलेला. मी म्हटलं, माझं घ्या.

रक्तपेढीत बोटाला सुई टोचून आधी माझं हिमोग्लोबिन बघितलं. तेरा पूर्णांक चार.

तिथली सिस्टर म्हणाली, “वा, काकू, या वयात? काय खाता?” मला आपलं बरं वाटलं. रक्त देऊन, बिस्किटं खाऊन मी वर आले, तर मोडनिंबहून विहीणबाई आलेल्या. पूजाच्या उशाशी बसून रडत होत्या. मागोमाग तीच सिस्टर कागद घेऊन आली आणि भोळेपणानं म्हणाली, “सासूबाईंचं तेरा आणि सुनेचं पाच, असं पहिल्यांदाच बघतेय.”

झालं! विहीणबाई उठल्याच.

“बघा की, बघा! सवता खाऊन लाल झालीया आन माझ्या लेकीला पांढरी फटक करून ठेवली. गिरणीत पोती पडल्यात, आन पोरीच्या पोटात अन्न न्हाय!”

सहाही खाटांवरच्या बाया उठून बसल्या. मी म्हटलं, “विहीणबाई, तोंड सांबाळून बोला.” त्या म्हणाल्या, “कशाला सांबाळू? कागदच बोलतोय की!”

आणि कागद बोलतच होता. मी सतरंजीवर बसले. त्या दिवसापासून त्या खोलीत माझं नाव ‘तेरावाली सासू’ पडलं. मी पाणी आणायला गेले की मागं कुजबुज. कुणी मला आपल्या डब्यातली चटणीसुद्धा विचारली नाही. मी दातओठ खाऊन ठरवलं, या बाईला सोडायची नाही. जिथं माझी अब्रू काढली तिथंच हिची काढणार, तिच्या माहेरच्या माणसांसमोर काढणार.

पहिली पिशवी लागली. रक्त थेंबथेंब जाताना दर थोड्या वेळानं नाडी, ताप बघतात, कारण एखादीला थंडी वाजून येते, अंगावर पुरळ उठतं. पूजाला तसलं काही झालं नाही. मी नळीकडं बघत होते. कुणाचं रक्त कोण जाणे. माझा गट तिला जुळत नव्हता, म्हणून माझं दुसऱ्या कुणाला गेलं आणि तिला दुसऱ्या कुणाचं आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिचे कपडे आणायला घरी गेले. कपाटात बांगड्यांचा डबा होता. तो उचलला तर जड लागला नाही, खुळखुळला नाही, म्हणून उघडला. आत लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या. सरकारकडून फुकट मिळतात त्या, आशाताई घरी आणून द्यायच्या. एकही गोळी फोडलेली नाही.

मी पट्ट्या पिशवीत घातल्या आणि दवाखान्यात आले. विहीणबाई खाली चहाला गेल्या होत्या. पूजाच्या मांडीवर पट्ट्या ठेवल्या. तिनं डोळे मिटून घेतले.

“आई म्हणली, त्या गोळ्यांनी बाळ काळं होतंय,” ती म्हणाली. “पाचव्या महिन्यात माहेरी गेले तवाच म्हणली. तिनं तिच्या वेळी बी खाल्ल्या न्हाईत. अत्या, तिला बोलू नका. तुमाला माजी शपथ हाय. ती लई घाबरलीय. आदीच घाबरलीय.”

मी तोंडानं काही बोलणार नाही, अशी शपथ घेतली. पण मनात काय झालं ते लपवत नाही. मला आनंद झाला. सून पाच पूर्णांक आठवर पडलीय आणि मी आनंदले! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. रविवारी पूजाचे वडील आणि मामा भेटायला येणार होते. शपथ मोडून त्या सगळ्यांसमोर पट्ट्या नाचवायच्या, सहा खाटांना ऐकू जाईल असं बोलायचं, मी वाक्यंसुद्धा पाठ केली. संडासच्या रांगेत उभी राहून पाठ केली.

शनिवारी डाएटिशियन मॅडम आल्या. डाएटिशियन म्हणजे काय खायचं ते सांगणाऱ्या. वही घेऊन प्रत्येक खाटेशी बसायच्या. पूजाला विचारलं, काय खातेस? ती बोलायच्या आत मीच सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं, कारण विहीणबाई ऐकत होत्या आणि मला जिंकायचं होतं.

“मॅडम, हिला मी हॉटेलात मिळणार न्हाय अशी भाकरी घालते. मालदांडी जोंधळा, तो बी पॉलिश करून. माज्याकडं पॉलिशचं मशिन हाय. दान्याची साल घासून काढायची आन मग दळायचं. पांढरीशुभ्र भाकरी, कापसावानी. तिन्ही त्रिकाळ तीच.”

“आणि तुम्ही काय खाता?”

“मी? पॉलिशचा जो कोंडा निघतो तो मी माज्या पिठात घालते. टाकायला जिवावर येतं. अन्न हाय की ते. तसली काळपट भाकरी गरोदर पोरीला कशी घालू?”

मॅडमनी वही मिटली. पेन घेतलं आणि माझ्या तेरा पूर्णांक चारच्या कागदामागं एक जोंधळ्याचा दाणा काढला, लिंबाएवढा मोठा.

मी जन्मभर दाणे हाताळले, पण आतून दाणा मला कुणी दाखवला नव्हता. वर साल, तिला ब्रॅन म्हणतात, आपला कोंडा. सालीच्या लगत आतून एक अगदी पातळ थर, त्याचं नाव अल्युरोन. बुडाशी अंकुर, जिथून कोंब फुटतो, तो जर्म. आणि मधला सगळा पांढरा भाग एंडोस्पर्म. त्यात पिष्ट असतं, पोट भरतं, ताकद येते. पण लोह, जस्त, मॅग्नेशियम ही खनिजं दाण्यात सगळीकडं सारखी पसरलेली नसतात. ती बहुतेक त्या कडेच्या थरात आणि अंकुरात गोळा झालेली असतात. मध्ये फार कमी.

“म्हणजे मशिन जे घासून काढतं...” मी म्हणाले.

“त्यातच बरंचसं लोह निघून जातं, काकू. ते तुम्ही खात होता. तिला मधला पांढरा भाग देत होता.”

मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, फक्त भाकरीनं हे झालेलं नाही. तुमची पाळी गेलीय, त्यामुळं तुमचं रक्त टिकतं. तिच्या पोटात बाळ आहे, ते तिच्या रक्तातून घेतं. ती जेवणाबरोबर चहा पिते, त्यानं लोह अंगी लागत नाही. शिवाय कोंडा म्हणजे काही औषध नाही. त्याच थरात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला धरून ठेवतो, सहज सोडत नाही. म्हणून पीठ आंबवून आंबील करा, धान्याला मोड आणा, जेवणात लिंबू पिळा, म्हणजे ते सुटतं. आणि इतकं खाली गेल्यावर गोळ्यांना, इंजेक्शनला पर्याय नाही.

एवढं समजावलं, पण माझ्या कानात एकच घुमत होतं. ते तुम्ही खात होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मशिन विकणाऱ्यानं मला मुठीत दाणे धरून दाखवले होते, बघा ताई, मोत्यासारखे. हॉटेलवाले खूश, मी खूश. त्या माणसाचं काय करावं असं मला वाटलं ते इथं लिहिता येणार नाही. पण त्यानं काही माझ्या सुनेला भाकरी वाढली नव्हती. मी वाढली होती. तिनं दोनदा कोंड्याची मागितली होती, वास छान येतो म्हणून. मी तिच्या ताटातून काढून घेतली होती.

त्या संध्याकाळी मी गिरणीत गेले. पट्टा बंद होता. दाराशी खुर्ची घेतली, चष्मा लावला आणि ब्लेडनं एक साधा दाणा उभा चिरला, मग एक पॉलिशचा. साध्याच्या कडेला पिवळसर रेघ आणि बुडाशी अंकुराचा ठिपका. पॉलिशच्यात रेघ जवळपास नाही, अंकुराच्या जागी खड्डा. मी दहा दाणे चिरले. दहाव्याला बोट कापलं. तेरा पूर्णांक चारचं रक्त, लालभडक. मला त्याची किळस आली.

आता रविवार. मोडनिंबची माणसं आली. केळी, सफरचंदं, पिशव्या. विहीणबाईंना बळ चढलं. मामांना म्हणाल्या, “विचारा हिला, काय घालत हुती पोरीला!”

पाठ केलेली वाक्यं माझ्या ओठावर होती. गोळ्यांच्या पट्ट्या कमरेच्या पिशवीत होत्या. पूजा माझ्याकडं बघत होती. तिच्या हाताला सलाईन होतं, त्यातून आयर्न सुक्रोज म्हणजे लोहाचं इंजेक्शन चाललं होतं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, माझं. मशिन, पांढरी भाकरी, कोंडा कुणाच्या ताटात गेला ते, पेन्सिलींचा डबा, तेज आलंय म्हणून मिरवलं ते. काही वगळलं नाही. सहा खाटांना सांगितलं. “माज्या हातनं चुकलं,” मी म्हणाले. “तुमी तुमच्या घरी असं करू नका.”

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “बाई, आमी बी सुनंला पांढरा भातच घालतोय की.” तेवढ्यानं मला रडू आलं.

विहीणबाई मामांकडं वळल्या. “ऐकलं का? सवताच्या तोंडानं कबूल केलं!”

मग मी पिशवीत हात घातला. पट्ट्या काढल्या आणि एकएक करून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. शपथ न बोलण्याची होती, पट्ट्या न ठेवण्याची नव्हती. त्यांनी खाली बघितलं. चेहऱ्यावरचं रक्त गेलं, त्या वेळी त्यांचं मोजलं असतं तर पाचच भरलं असतं.

“काय हाय ते?” मामांनी विचारलं.

“औशीद हाय,” मी म्हणाले. “सुई संपली की चालू करायचं. रोज एक, जेवल्यावर दोन तासानं, लिंबाच्या पान्याबरुबर. चहा न्हाय, दूध न्हाय. पूजाच्या आईनं सवता देयाचं ठरवलंय. व्हय न्हवं, विहीणबाई?”

त्यांनी मान हलवली. तेवढ्यानं मला असं समाधान झालं की काय सांगू! लोक म्हणतात, सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं. त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा झोपले.

डॉक्टरांनी पूजाला मोडनिंबला पाठवायला मनाई केली. बाळंतपण याच दवाखान्यात, जवळ राहायचं. म्हणून माहेराच्या ऐवजी आईच आमच्याकडं राहायला आली. दोन महिने आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात. मी पॉलिशच्या मशिनवर पोतं टाकलं, हॉटेलवाल्यांना सांगितलं, पांढरं हवं तर दुसरीकडं जा. दोघं गेले. जाऊ देत.

रोज दुपारी विहीणबाई गोळी काढायच्या, पेल्यात लिंबू पिळायच्या आणि लेकीच्या हातावर ठेवायच्या. मी समोर बसून बघायची. एक दिवस चुकू दिला नाही. गोळ्यांनी पूजाला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, ते होतंच, घाबरायचं नसतं. पण काळं म्हटलं की विहीणबाई दचकायच्या आणि मी मुद्दाम विचारायची, “आज कसं झालं गं, काळंच का?” वाईट आहे मी. असू दे. त्यांनी मला सहा खाटांसमोर उभं केलं होतं.

तपासण्या होत राहिल्या. आठ, नऊ, मग दहा पूर्णांक सहा. दर वेळी कागद हातात आला की दोघी एकदमच झडप घालायचो. एकदा तो फाटला.

बाळंतपण अवघड गेलं. वार पडायला वेळ लागला, रक्त फार गेलं. दाराबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला.

“दोघी ठीक आहेत. मुलगी झाली.” मग म्हणाल्या, “आज ती पाच पूर्णांक आठवर असती, तर मी तुम्हाला दुसरंच काही सांगायला आले असते.”

त्या आत गेल्या. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्या भाकरीनं गेली असती की त्यांच्या न दिलेल्या गोळीनं, हे ठरवायला तिथं तिसरं कुणी नव्हतं.

बाळ आणलं. चांगली गुटगुटीत, आणि सावळीसुद्धा नाही, काळी. विहीणबाईंनी दुपटं बाजूला केलं, बघतच राहिल्या.

“काळी हाय,” त्या म्हणाल्या.

“माज्यावर गेलीया,” मी म्हणाले. “काय म्हननं हाय तुमचं?”

“काय न्हाय.” त्यांनी पोरीला छातीशी धरलं, इतकं घट्ट की नर्स ओरडली.

ज्या दोघा माणसांचं रक्त पूजाच्या अंगात गेलं, त्यांना मी कधी बघणार नाही. त्यांचे उपकार आहेत. डॉक्टरीणबाईंचे आहेत, तेरा पूर्णांक चारच्या कागदामागं दाणा काढणाऱ्या मॅडमचे आहेत. आता माझ्या गिरणीवर पोटुशी बाई दळण घेऊन आली की मी आधी तिची पापणी ओढून बघते. काही जणी चिडतात.

बाराव्या दिवशी घरी पाहुणे जेवून गेले, भांडी घासायला आम्ही दोघीच उरलो. विहीणबाई खाली मान घालून राख लावत होत्या. मध्येच म्हणाल्या, “तुमी मला माफ केलं का हो?”

“तुमी मला केलं?”

त्यांनी विचार केला. खरोखर केला. “न्हाय,” त्या म्हणाल्या.

“मग मी बी न्हाय. हात धुवा, पूजाच्या गोळीची वेळ झाली.”